अफू नव्हे, आ-फू : वूशीच्या काळ्या मातीतल्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

ठरवलेलं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे शब्द फिरवता येणार नाही. काम: हुइशान धाटणीची नाटकातली एक बाहुली हातानं घडवायची आणि रंगवून पुरी करायची. वेळ: दर शनिवारी चार तास. मुदत: जुलैअखेर, कारण त्यानंतर कंपनी मला चाकणला परत बोलावणार आहे.

वूशीत येऊन दीड वर्ष झालं. शांघायहून जलद गाडीनं तासाभराच्या आत येणारं, ताय-हू सरोवराच्या काठचं हे शहर. आमच्यासारखे लोक इथे कारखान्यांसाठी येतात आणि कारखाने बघूनच परत जातात. पण शहराच्या पश्चिमेला हुइशान नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी जुनं गाव आहे आणि तिथल्या गल्ल्यांत मातीच्या बाहुल्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. चिनी भाषेत ह्या बाहुल्यांना 'नी-रन' म्हणतात. नी म्हणजे चिखल, रन म्हणजे माणूस.

तिथल्या संग्रहालयात काचेमागे एक जोडी पाहिली होती. खुनछ्यू या जुन्या चिनी संगीत नाटकातले दोघं, जेमतेम वीतभर उंचीचे. तिची लांब बाही त्याच्याकडे झेपावलेली, आणि ती बाही कागदाइतकी पातळ. महिनाभर डोक्यातून जाईना. माझ्या मामाचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे, लहानपणच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या शाडूत गेल्या. तेव्हा आपल्याला हे जमेल, असा एक माज होता. आज उतरला.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांना सगळे शिफू म्हणतात. शिफू म्हणजे उस्ताद. इथे टॅक्सीवाल्यालाही शिफूच म्हणतात, त्यामुळे फार भारावून जायचं कारण नाही. त्यांनी मोबाइलवर माझ्या जुन्या गणपतीचा फोटो बघितला, बोटांनी मोठा केला आणि सोंडेवर थांबल्या. "आत तार आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि प्लास्टरचा दोन फाकांचा एक साचा माझ्यासमोर ठेवला. "पाच कर. नाटक नंतर."

९ मार्च

दिवसभर फक्त माती.

हुइशानची माती काळी. डोंगराच्या ईशान्य पायथ्याशी भाताच्या खाचरांखाली मीटरभर खणलं की हा थर लागायचा. आता त्या भागात शहर पसरलंय, त्यामुळे शिफू मातीच्या लाद्या ओल्या फडक्यात गुंडाळून अशा जपतात, जसं एखाद्या घरात जुनं तूप जपावं. 'वाकवली तरी तुटत नाही, वाळली तरी तडकत नाही' अशी हिची ख्याती आहे. शाडूत पाणी जरा कमी पडलं की कडा फाटतात, वळवायला गेलं की चीर जाते. ही माती दोरीसारखी वळली, बोटाभोवती गुंडाळली, उलगडली, एक भेग नाही. मग कळलं, बाईंनी तारेबद्दल का विचारलं.

वापरण्याआधी ती लाकडी हातोड्यानं बडवायची, घडी घालायची, पुन्हा बडवायची. आईनं पुरणपोळीची कणीक तिंबताना बघितलेलं होतं, तेवढ्या पुंजीवर दोन तास काढले. उजवा खांदा संपला.

दुसरी गोष्ट, आणि तीच मला महत्त्वाची वाटते: ह्या बाहुल्या भाजत नाहीत. भट्टी नाहीच. सावलीत वाळवायच्या आणि रंगवायच्या. ऑफिसात मी काय करतोय ते सांगितलं, तर पुण्याचा सहकारी म्हणाला, "हां, ते शीआनचे सैनिक!" नाही. १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेले ते मातीचे सैनिक भट्टीत पक्के भाजलेले आहेत, आणि मुळात जमिनीखाली पुरण्यासाठीच केलेले. इथला माल कच्चा. हातातून पडला की तुकडे, पाण्यात पडला की चिखल.

१६ मार्च

साचा भरला. मातीची जाड पोळी थापायची, अर्ध्या साच्यात अंगठ्यानं दाबत न्यायची, कोपऱ्यांत हवा राहू द्यायची नाही. दुसरी फाकही तशीच. कडांना पातळ चिखल लावून दोन्ही फाका जोडायच्या, थोडं थांबायचं आणि साचा सोडायचा. पोटात पोकळ ठेवायचं. मामाच्या कारखान्यात हेच करत होतो, त्यामुळे इथे मान ताठ होती. पहिला नग कानापाशी फाटला.

साच्यातून निघतो तो आ-फू. पूर्ण नाव ता आ-फू, म्हणजे 'मोठा आ-फू'. फू म्हणजे भाग्य, सौख्य. मांडी घालून बसलेलं गुबगुबीत मूल, गळ्यात दीर्घायुष्याचं कुलूप, कुशीत हिरवट-निळा सिंह. गोष्ट अशी की पूर्वी हुइशानवर हिंस्र जनावरं मुलं उचलून न्यायची. मग 'शा हाय-अर' नावाचं एक मूल आलं आणि जनावरं आपणहून त्याच्या मिठीत येऊन निवाली. लोकांनी त्याची मातीची मूर्ती केली, घरात ठेवली. तलवार नाही, त्रिशूळ नाही, नुसती मिठी. राक्षस मारणाऱ्या देवांमध्ये वाढलेल्या माणसाला हे जरा चुकल्यासारखं वाटतं.

रात्री आईला फोन. "आई, मी आ-फू करायला शिकतोय."
"काय करायला?"
"आ-फू."
पलीकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, "अहो, इकडे या जरा, हा काय म्हणतोय बघा."

खुलासा करता करता दहा मिनिटं गेली. या देशात तो शब्द आपण तरी जपूनच उच्चारावा. १८३९ ला ज्यावरून युद्ध पेटलं, त्या मालातला मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबईच्या बंदरातून निघत होता.

६ एप्रिल

छिंगमिंगची सुट्टी, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचे दिवस. जुन्या गावात पाय ठेवायला जागा नाही. वर्ग नव्हता, पण शिफू दुकानात होत्या, म्हणून बसलो.

हुइशानला वेगवेगळ्या घराण्यांची शंभराहून जास्त पितृमंदिरं आहेत. प्रत्येकाला राखणदार कुटुंब असायचं. वर्षातून दोनदा पूजा-जेवणावळी, एरवी झाडलोट. हात रिकामे, माती दाराशी. त्यातून हा जोडधंदा उभा राहिला. गावातला ओहोळ थेट मोठ्या कालव्याला मिळतो, त्यामुळे होडीनं येणारे जत्रेकरू हे आयतं गिऱ्हाईक. सतराव्या शतकातल्या जांग दाय या लेखकानं इथल्या दुकानांतला माल नोंदवलाय: दारूचे बुधले, फुलांची कुंडं, ईशिंगची भांडी, आणि त्या यादीच्या शेवटी मातीची माणसं. शेवटी. म्हणजे तेव्हाही कोणी फार कौतुक करत नव्हतं, फक्त विकत घेत होतं.

मालाचे दोन प्रकार. 'त्सू-हुओ' म्हणजे जाडाभरडा माल: साच्यातला, मोजक्या रंगांचा, झपाट्यानं होणारा. आ-फू यातला. रेशीमकिड्यांच्या खोलीत उंदरांना धाक म्हणून ठेवायची मांजरं यातली. वसंताच्या आरंभीचा बैलही यातलाच. तो बैल बघून मी चटकन 'पोळा!' म्हणालो. पण आपण पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करतो. इथे जुन्या काळी अधिकारी वसंतारंभी मोठ्या मातीच्या बैलाला चाबकानं फोडायचे आणि लोक ढेकळं शेताला शुभ म्हणून पळवायचे. हेतू एकच, रीत उलटी.

दुसरा 'शी-हुओ', बारीक माल: हातानं घडवलेली नाटकातली पात्रं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुनछ्यू आणि पेकिंग ऑपेराच्या वेडातून हा बहरला. तिंग आ-चिन आणि जोऊ आ-शंग ही त्या काळातली मोठी नावं. मी आलो होतो ते ह्यासाठी.

विचारलं, दुकान कशावर चालतं? त्यांनी न बोलता आ-फूंच्या रांगेकडे हनुवटी केली.

१३ एप्रिल

पाच नग झाले. क्वालिटीवाला असल्यामुळे व्हर्निअर घेऊन गेलो होतो. ओला असताना उंची १२० मिलिमीटर, चार आठवडे वाळल्यावर पहिल्याची १११.५. म्हणजे सात टक्के आकसला. साचा एकच, पण पाचही नगांची रुंदी वेगळी, फरक दीड मिलिमीटरपर्यंत. तक्ता करून दाखवला. शिफूंनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारलं, "यातला कोणता हसरा आहे?"

उत्तर नव्हतं.

मामाला पण फोन केला. मातीचं वर्णन ऐकून त्याला राहवेना. "आमच्या खाचरातली वाळली की तडकते रे. त्यात काय घालतात?" काही नाही म्हटलं तर विश्वास ठेवेना. "काथ्या असणार. नीट बघ तू."

३ मे, थ्येनचिन

पाच दिवसांची सुट्टी, म्हणून उत्तरेला आलो. चिखलमाणसांत दोन गाद्या मानतात, दक्षिणेत हुइशान आणि उत्तरेत थ्येनचिनचे 'नी-रन जांग', म्हणजे मातीच्या बाहुल्यांचे जांग. २००६ च्या राष्ट्रीय वारसा यादीत दोन्ही आहेत. जांग मिंगशान (१८२६–१९०६) हा मूळ पुरुष. नाटकाला बसला की बाहीत मातीचा गोळा घेऊन बसायचा, डोळे रंगमंचावर आणि बोटं बाहीत. खेळ संपेपर्यंत नट तयार. यू सानशंग या गाजलेल्या नटाची मूर्ती त्यानं अशीच केली असं सांगतात.

पुरातन संस्कृती रस्त्यावरच्या दुकानात दीड तास घालवला. काय काम आहे! म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा, पायघोळ झग्याची कोपरापाशी पडलेली चुणी, एका डोळ्याची किंचित खाली आलेली पापणी. इथली माती वेगळी, शहराच्या पश्चिमेकडची, धुऊन गाळून घेतलेली, आणि तीत कापसाचे तंतू घालून बडवतात. मामाला लगेच मेसेज टाकला: इथे कापूस घालतात. उत्तर आलं: 'बघ म्हटलं नव्हतं.' काथ्याचं कापसावर भागवून तो जिंकला.

एक मात्र लिहून ठेवतो, पटो वा न पटो. थ्येनचिनच्या मूर्ती पाहताना मी सतत 'हुबेहूब' म्हणत होतो. हुबेहूब म्हणजे कोणासारखं तरी. आ-फू कोणासारखाच नाही. त्याला मान नाही, मनगट नाही, बसल्या बसल्या अंड्याच्या आकारात मावतो. थ्येनचिनच्या म्हाताऱ्याला मी काचेतून बघितलं आणि नमस्कार केला. आ-फूला उचलावंसं वाटतं. कोणती कला मोठी, हा वाद माझ्या कुवतीबाहेरचा. पण उचलावंसं वाटणं ही सुद्धा कोणीतरी मुद्दाम साधलेली गोष्ट आहे, हे मला व्हर्निअर लावताना दिसलं नव्हतं.

११ मे

मे महिन्याच्या सुट्टीच्या बदल्यात आजचा शनिवार कामाचा. मातीला हात नाही.

१८ मे

रंग सुरू. इथे आणि थ्येनचिनलाही एकच म्हण आहे, 'तीन भाग घडण, सात भाग रंग'. मला वाटलं होतं, घडवणाऱ्यांना चिडवायला रंगाऱ्यांनी काढली असणार. पण हुइशानला ती सरळ कामाची वाटणी आहे. यू श्यांगल्येन आणि वांग नानश्येन या दोन नामवंत कलावतींची जोडी अशीच: पहिली घडवणार, दुसरी रंगवणार.

आधी सगळ्या अंगाला पांढरा हात. सरसाचं प्रमाण चुकलं की रंग पोपडे धरतो. माझा दुसरा नग चुकला. त्यावर कांती, मग लाल, हिरवा, पिवळा. रंग भडक वाटतील म्हणून मी हिरव्यात थोडा काळा मिसळायला घेतला, 'सौम्य' करायला. शिफूंनी माझा हात धरला. जत्रेत दहा पावलांवरून पोराला दिसलं पाहिजे, म्हणाल्या.

हमरापूरला गुलाबी पितांबर का, याचं उत्तर मला वूशीत मिळालं.

८ जून

ड्रॅगन होड्यांच्या सणाची सुट्टी. ऑफिसातला एक जण शान्शी प्रांतातला आहे. माझं मातीचं खूळ ऐकून त्यानं घरचा वाघ आणून दाखवला: फंगश्यांगचा, बसलेला, डोळे वटारलेले, अंगावर डाळिंबं-कमळं रंगवलेली. बाळ महिन्याचं झालं की आजोळहून असा वाघ येतो, राखण करायला. याला आला होता तेव्हाचाच हा. एक कान तुटलाय, तो बहिणीनं तोडला, आणि त्यावरून दोघं अजून भांडतात. फंगश्यांगच्या मातीच्या घोड्याचं चित्र २००२ च्या अश्ववर्षाच्या टपाल तिकिटावर होतं, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं; पण कानाची गोष्ट सांगताना आवाज जास्त चढला.

२२ जून

वाट लागली.

यांगत्सेच्या खोऱ्यात आलुबुखार पिकायच्या सुमाराला जो संततधार पाऊस लागतो, त्याला 'मेइ-यू' म्हणतात. मेइ म्हणजे ते फळ. आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे बुरशी. दोन्ही अर्थ माझ्या खोलीत हजर आहेत. चौथ्या नगाच्या पाठीवर करडी लव उगवलीय. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही, आषाढात आमच्याकडे चपलांना बुरशी येते. पण मी घाई केली. पाचव्या नगाला बूड नीट बसावं म्हणून ओली माती लावली होती, ती वाळेना, तेव्हा केस वाळवायचं यंत्र वीस मिनिटं एका बाजूनं धरलं. पाठीला कानापासून बुडापर्यंत चीर.

'वाळली तरी तडकत नाही' अशी ख्याती चारशे वर्षं टिकवलेली माती मी वीस मिनिटांत तडकवली. शिफूंना दाखवायला नेला. रागावल्या नाहीत. त्यांनी तो पाण्याच्या बादलीत टाकला. रंग सुटा झाला, सिंह सुटा झाला, आणि अर्ध्या तासात खाली नुसता काळा गाळ. गाळून घेतला की माती परत वापरता येते, म्हणाल्या. भाजला असता तर हे झालं नसतं.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "शाडूचंच आहे सगळं. पीओपीचा एकदा मोडला की मोडला."

२९ जून

बाहेर पाऊस, म्हणून वाचन. सोंग काळातल्या कैफंग राजधानीच्या आठवणींचा एक ग्रंथ आहे, त्याची प्रस्तावना ११४७ सालची. सातव्या महिन्याच्या सप्तमीला बाजारात 'मो-ह-ल' नावाची मातीची बाळं विकायला यायची, असं त्यात लिहिलंय. कोरीव रंगीत लाकडी चौरंगावर बसवलेली. काहींना सोन्यामोत्यांचे दागिने. एखाद्या जोडीची किंमत काही हजार नाण्यांवर. आणि रस्त्यातली पोरं कमळाची ताजी पानं हातात धरून त्या बाहुल्यांची नक्कल करत हिंडायची. खेळण्यानं मुलासारखं दिसायचं की मुलानं खेळण्यासारखं, हा गोंधळ तेव्हापासूनचा.

पण मी खुर्चीतून उठलो ते त्या शब्दामुळे. 'मो-ह-ल' हा चिनी शब्दच नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर आलेला संस्कृत शब्द. कोणी म्हणतात 'महोरग', कोणी 'राहुल' म्हणजे बुद्धाचा मुलगा. विद्वानांचं एकमत नाही. मला राहुल हवाय. नागदेवता फिरत फिरत गुबगुबीत बाळ होते, यापेक्षा बापानं घरी सोडून दिलेलं मूल हजारो घरांत मातीचं होऊन पोचतं, हे मनाला जास्त पटतं. पुरावा म्हणून याची किंमत शून्य, हे मान्य.

१३ जुलै

बुरशीवाला बाजूला ठेवून उरलेल्या तीन आ-फूंचे डोळे. याला इथे 'खाय-श्यांग' म्हणतात, चेहरा उघडणं. मामाकडे 'आखणी'. तिथेही ती कोणालाही करू देत नाहीत. गणपतीला डोळे काढायचे त्या दिवशी मामा सकाळपासून कमी बोलतो, आणि आम्हा पोरांना अंगणात पिटाळलेलं असायचं.

शिफूंनी पहिला काढून दाखवला. कुंचला उभा, करंगळी आ-फूच्या गालावर टेकवलेली, श्वास सोडता सोडता भुवई एका फटक्यात. मग दुसरी. डोळ्याची वरची रेघ जाड, खालची जेमतेम. चार-पाच फटके, अर्धं मिनिट. ज्या गोळ्याला मी चार महिने मोजत होतो तो माझ्याकडे बघायला लागला. मी खरंच खुर्ची मागे सरकवली.

दुसरा मी काढला. डावी भुवई ठीक, उजवी कापरी. पुसायला फडकं उचललं तर "नको," म्हणाल्या, "पुसलं की डाग राहतो, आणि मग तो लपवायला आणखी रंग." तिसराही मीच काढला. हा बरा झाला, पण जरा लबाड दिसतो, काहीतरी लपवून बसल्यासारखा. एकाच साच्यातले तिघं शेजारी ठेवले: शिफूंचा समाधानी, माझा एक दचकलेला, एक लबाड. एप्रिलमधल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आता तक्त्याची गरज नव्हती.

एक बाई नातवाला घेऊन दुकानात आल्या. नातवानं तिघांपैकी लबाडाला हात घातला. शिफूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि ते वीस युआनला गेलं ते माझं पहिलं काम. फोटो काढायचा राहिला.

२० जुलै

हिशेब: पाच केले. एकाचे पोपडे निघाले म्हणून रंग खरवडून पुन्हा दिला, तो म्हणजे दचकलेला. एक विकला. एक बादलीत. एकावर डोळे शिफूंचे, तो त्या ठेवून घेणार. चौथ्याची बुरशी पुसली, पण पाठीचा रंग मळकट दिसतो. तो आईसाठी नेणार. भिंतीला पाठ लावून ठेव म्हणून सांगेन.

नाटकातली बाहुली झालेली नाही. मुदतीला अकरा दिवस आहेत. तरी आज शिफूंनी आपणहून एक मुठीएवढा गोळा काढून दिला आणि साचा मागे सारला. हातानं घडवायची बाहुली खालून वर करतात. आधी पाय आणि जोडे, त्यावर विजार, मग झगा. बाह्या पातळ लाटून आतून बाहेर लावत जायच्या. हात नंतर बसवायचे, डोकं नंतर. सगळं झाल्यावर, ओलं असतानाच, आख्खी बाहुली दोन्ही हातांत धरून कमरेतून वाकवायची, म्हणजे अंगात पवित्रा येतो. तार नाही. तेव्हा ती वाकते की मोडते, यावर मातीची आणि माणसाची परीक्षा.

दोन तासांत एक जोडा झाला. उजवा. टाच जाड आहे.

पुढचा शनिवार २७ तारखेचा. डावा जोडा, जमल्यास विजार. कंपनीला परतीची तारीख महिनाभर पुढे ढकलता येईल का, सोमवारी विचारणे.